दात तासून घेण्याआधी: वाकड्या दातांवर पोर्सिलेनचे व्हेनिअर, पायरीपायरीने

तुळशीचं लग्न उरकलं की माझ्या लातूरच्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉक्टर, लगीन पंधरा दिसावर आलंय, पोरीचे पुढचे दोन दात तेवढे सरळ करून द्या बघा." सोबत आई असते, कधी मावशी, आणि पोरगी ओढणीचं टोक तोंडावर धरून खाली बघत बसलेली. तिचं दुःख खरं असतं. वर्गाच्या फोटोत ओठ मिटून उभं राहायचं, हसू आलं की हात तोंडाशी न्यायचा, असं तिनं वर्षानुवर्षं केलेलं असतं. म्हणून या उपचाराला मी नुसती हौस कधीच म्हणत नाही. पण घाईत तासलेला दात पुढे जन्मभर तासलेलाच राहतो. ज्यांनी व्हेनिअर हा शब्द नुकताच ऐकलाय आणि ते करावेत की नाही हे ज्यांचं ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर कायमचा चिकटवायचा चिनी मातीचा, म्हणजे पोर्सिलेनचा, पातळ पापुद्रा. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे आपल्या नखाएवढी. कॅप दाताला चारही बाजूंनी झाकते, व्हेनिअर फक्त पुढून आणि थोडं टोकावरून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हेनिअरनं दात हलत नाही. मूळ हाडात जिथं आहे तिथंच राहतं, आपण फक्त पुढचा चेहरा बदलतो. भिंत ओळंब्यात नसेल तर गिलाव्यानं ती सरळ दिसते, तसंच हे. फरक थोडा असेल तर गिलावा शोभतो, भिंतच कललेली असेल तर नाही.

आधी आरशासमोर: दात नेमका कसा वाकडा आहे?

"वाकडा" या एका शब्दात पाच-सहा वेगळ्या गोष्टी येतात, आणि व्हेनिअर जमेल की नाही हे त्यावरच ठरतं. खिडकीच्या उजेडात आरसा धरा आणि वरचे पुढचे सहा दात नीट बघा: मधले दोन पटाशीचे, त्यांच्या शेजारचे दोन आणि कडेचे दोन सुळे.

दोन दातांमध्ये फट असेल तर ते व्हेनिअरचं अगदी हक्काचं काम. एक-दोन मिलिमीटरची फट दोन्ही बाजूंचे दात किंचित रुंद करून मिटवता येते आणि दात फारसा तासावाही लागत नाही. आपल्याकडे फट असलेला माणूस भाग्यवान समजतात. घरातल्या थोरांचं तसं म्हणणं असेल आणि तुम्हालाही ती खुपत नसेल, तर ती राहू द्या, त्यानं दाताचं काही बिघडत नाही. पटाशीच्या शेजारचा दात जन्मतःच खुंटीसारखा बारीक आणि टोकदार असेल, तर तिथंही व्हेनिअर फार सुंदर बसतं.

एखादा दात रांगेतून थोडा आत, टाळूकडे दबलेला असेल, तर पुढून पोर्सिलेनची भर घालून तो ओळीत आणता येतो. इथं तासायचं जवळजवळ काहीच नसतं, भर घालायची असते.

उलट दात बाहेर, ओठाकडे आलेला असेल तर गणित फिरतं. त्याला ओळीत दाखवायचं तर पुढचा भाग कापावा लागतो, आणि तो भाग म्हणजे एनॅमल, दाताचं सगळ्यात कठीण कवच. पटाशीच्या दातावर हिरडीजवळ हे कवच जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर असतं. त्याखाली डेंटीन, आणि डेंटीनमध्ये थंड-गरम जाणवणारी बारीक नळ्यांची जाळी. व्हेनिअर एनॅमलवर घट्ट धरतं, डेंटीनवर तेवढं धरत नाही. म्हणजे बाहेर आलेला दात व्हेनिअरसाठी जितका जास्त कापाल, तितकी व्हेनिअरची पकड कच्ची.

दातावर दात चढलेला असेल तर आणखी एक अडचण येते. तिथं मुळात जागाच कमी असते. अरुंद जागेत चार दात सरळ दाखवायचे म्हटलं तर चारही बारीक, उभट दिसतात. आणि खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील किंवा टोकाला टोक लागत असेल, तर तिथं व्हेनिअर लावणं म्हणजे रोज दोनदा-तीनदा त्यावर हातोडी मारण्यासारखं आहे.

तारांचा विचार खरंच करा

दंतवैद्याकडे जाऊन पहिला प्रश्न हा विचारा: "तारा लावल्या तर माझा किती दात वाचेल?" लोक तारा म्हणतात, क्लिप म्हणतात, हल्ली पारदर्शक अलायनरही आहेत. पूर्ण उपचाराला साधारण वर्ष ते दोन वर्षं लागतात, पण दात न कापता मुळासकट जागेवर येतो. आणि सगळ्यांनाच पूर्ण उपचार लागतो असं नाही. कित्येकदा काही महिने तारा लावून दात जवळपास ओळीत आणायचे आणि मग उरलेल्या एक-दोन दातांवरच व्हेनिअर करायचं, हा मधला रस्ता सगळ्यात चांगला ठरतो. सहाच्या जागी दोन व्हेनिअर लागतात आणि दातही कमी तासावे लागतात. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात यासाठी वेगळा विभाग आहे. तिथं रांग असते, फेऱ्या होतात, पण पाचोडला किंवा गेवराईला राहणाऱ्याला एसटीनं एका दिवसात जाऊन येता येतं.

वयाचंही आहे. अठराच्या आत मी व्हेनिअर करत नाही. कोवळ्या वयात दातातली नस मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ असते, हिरडीही अजून तिच्या कायमच्या जागी उतरलेली नसते. आज हिरडीलगत बसवलेल्या व्हेनिअरची कड तीन वर्षांनी उघडी पडते. दहावी-बारावीच्या मुलामुलींच्या आईवडिलांना माझं सांगणं असतं, या वयात तारा. हाड या वयात ऐकतं.

तोंड तयार करणं

व्हेनिअरच्या आधी किटण काढून हिरड्या निरोगी व्हायला हव्यात. ब्रश करताना रक्त येणाऱ्या हिरडीजवळ काही चिकटत नाही, कारण तिथं सतत ओल असते. कीड असेल तर भरून घ्या, एक्स-रे काढून मुळं बघून घ्या. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात येऊ द्या. तंबाखू, गुटखा, मिश्री यांच्याबद्दल स्पष्टच बोलते. पोर्सिलेनवर डाग चढत नाही हे खरं, पण पोर्सिलेन आणि दात यांच्या सांध्यावर चढतो. वर्षभरात प्रत्येक दाताभोवती तपकिरी रेघ ओढल्यासारखी दिसते, हिरडी मागे सरकते, आणि मग केलेलं काम न केलेल्यापेक्षा वाईट दिसतं. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी माझ्या खुर्चीत बसणाऱ्या तरण्या पोरांच्या दातांवर तो मला रोज दिसतो. तो सुटल्याशिवाय मी माप घेत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या जाहिरातीत कुणी सांगणार नाही. नांदेड, बीडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. लहानपणी त्याहून जास्त पोटात गेलं की दात खडूसारखे पांढरे ठिपकेदार किंवा तपकिरी पट्ट्यांचे उगवतात. हा डाग वरून लागलेला नसतो, तो कवचातच असतो, म्हणून घासून जात नाही. व्हेनिअर धरावं म्हणून चिकटवण्याआधी कवचावर आम्ल लावतात, पण अशा कवचावर त्याची क्रिया नेहमीसारखी होत नाही, त्यामुळे चिकटवण्याची तयारी वेगळी आणि जास्त वेळाची करावी लागते. तुमचं गाव अशा पट्ट्यातलं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, "आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, घरात सगळ्यांचेच दात असे आहेत." दात बऱ्यापैकी सरळ असून फक्त रंगाचंच दुखणं असेल, तर आधी वरचा थर हलकेच घासून किंवा ब्लीचिंग करून बघता येतं. ब्लीचिंग केलं तर पुढचं चिकटवण्याचं काम निदान दोन आठवडे थांबवावं लागतं, नाहीतर पकड कमजोर होते.

मॉक-अप: ही पायरी कुणी वगळत असेल तर तिथून उठा

एवढं एकच लक्षात राहिलं तरी मला पुरे आहे. दाताला चाक लागण्याआधी नवे दात तुमच्या तोंडात तात्पुरते लावून बघता येतात. आधी तुमच्या दातांचा ठसा घेऊन साचा बनवतात, त्यावर मेणाचे नवे दात घडवतात, मग त्या आकाराचा साचा तुमच्या न तासलेल्या दातांवर मऊ रेझिन, म्हणजे दाताच्या रंगाचं, प्लास्टिकसारखं घट्ट होणारं साहित्य, भरून बसवतात. पाच-सात मिनिटांत रेझिन घट्ट होतं आणि आरशात तुम्ही होणारे दात बघता. आवडले नाहीत तर ते सोलून काढायचे. दात जसाच्या तसा.

औश्याकडची एक मुलगी आठवते. डावीकडचा पटाशीच्या शेजारचा दात आत दबलेला, त्यामुळे पटाशीचा एक दात उगाच मोठा वाटायचा. मॉक-अप लावून मी तिला आरसा दिला. तिनं सवयीनं ओढणी वर नेली आणि अर्ध्यावरच हात थांबला. मी म्हटलं, "आता बोल. म्हण, वावर." ती म्हणाली, "वावर." 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या ओल्या रेषेला अलगद टेकायला हवी. तिची ओठात रुतत होती, म्हणजे दात लांब झाले होते. मी टोकावरून किंचित घासलं, पुन्हा "वावर, विहीर, वेळवस" म्हणायला लावलं. मग एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगितलं, कारण 'स' मध्ये शिट्टी येते का हे त्यात लगेच कळतं. तिसऱ्या वेळी आई दाराशी म्हणाली, "आता आमची वाटायली." तेच माप आम्ही ठरवलं. दात शेवटी बोलायला आणि जेवायला आहेत, नुसत्या फोटोला नाहीत. मॉक-अप घालून घरी जा, एक दिवस बोला, मोबाइलमध्ये हसतानाचा व्हिडिओ काढा, घरच्यांना विचारा. आणि मगच हो म्हणा.

तासण्याचं प्रमाणही याच मॉक-अपवरून ठरायला हवं. जिथं भर घालायची आहे तिथं दात तासायचा नाही, जिथं दात मॉक-अपच्या बाहेर डोकावतो तेवढाच तासायचा. "माझा कुठला दात किती तासणार?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर दातागणिक घ्या.

रंग

रंगाची पट्टी दिवसाच्या उजेडात, सकाळी, खिडकीपाशी लावून बघा. लिपस्टिक पुसून या, भडक रंगाची ओढणी किंवा साडी असेल तर वर पांढरा कपडा टाकायला सांगा. रंग भेटीच्या सुरुवातीलाच ठरवायचा, कारण तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडा पडून खऱ्यापेक्षा पांढरा दिसतो. लोक म्हणतात, "एकदम शुभ्र द्या." आपल्या सावळ्या चेहऱ्यावर फळ्यावरच्या खडूसारखा शुभ्र दात दुरूनच ओळखू येतो. डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा दात जास्त पांढरा नको, एवढं धरून चाला. खालचे दात तर तुमचेच राहणार आहेत, त्यांच्याशीही मेळ हवा.

तासणं, माप आणि मधले दिवस

भूल देऊन, किंवा काम अगदी कमी असेल तर भुलीशिवायही, दात पुढून ०.३ ते ०.७ मिलिमीटर आणि टोकाला एक-दीड मिलिमीटर तासतात. मग रबरासारख्या सिलिकॉनचं माप घेतात किंवा कॅमेऱ्यानं स्कॅन करतात आणि ते लॅबला जातं. लॅब दुसऱ्या शहरात असते, येऊन-जाऊन आठ-दहा दिवस धरा. लग्नाच्या तारखेचा हिशेब इथंच चुकतो. पहिल्या भेटीपासून शेवटच्यापर्यंत निदान दीड-दोन महिने हातात ठेवा.

मधल्या दिवसांत दातावर तात्पुरते रेझिनचे दात असतात. ते कच्चे असतात. त्यांनी ऊस सोलायचा नाही, पेरू-बोरं दातानं तोडायची नाहीत, आणि येसराच्या आमटीनं, हळदीनं ते पिवळे पडले तर घाबरायचं नाही. कायमचे लागले की ते जाणारच आहेत. निघून आले तर मात्र त्याच दिवशी फोन करा, तासलेला दात उघडा ठेवू नका.

चिकटवण्याचा दिवस

१९२८मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्यानं सिनेनटांच्या दातांवर असे पापुद्रे पावडरनं तात्पुरते चिकटवले होते. चित्रीकरण संपलं की ते काढून ठेवायचे, कारण दाताला कायमचं काही धरून राहील अशी युक्ती तेव्हा नव्हती. १९५५मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की एनॅमलवर आम्ल लावलं की त्यावर सूक्ष्म खाचा पडतात आणि रेझिन त्यात रुतून बसतं. पुढे १९८०च्या दशकात पोर्सिलेनच्या आतल्या बाजूलाही हायड्रोफ्लोरिक आम्लानं तसंच खरखरीत करायची पद्धत आली, आणि मग व्हेनिअर खऱ्या अर्थानं टिकू लागले. आजही काम त्याच दोन क्रियांवर उभं आहे.

हातात घेतलेलं सुटं व्हेनिअर बोटांच्या चिमटीतही तडकतं. तेच दातावर नीट बसलं की चावायला उभं राहतं. आपल्या घरातली शहाबादी फरशी आठवा. सुटी फरशी दोन विटांवर टेकवून पाय दिला तर मोडते, तीच खाली पोकळी न राहता बसवली की वर्षानुवर्षं संसार पेलते. म्हणून त्या दिवशी डॉक्टरला घाई करू देऊ नका. आधी व्हेनिअर न चिकटवता फक्त लावून आकार, रंग, कड बघायची. आरसा मागा. इथं "नाही" म्हटलं तर ते लॅबला परत जाऊ शकतं, चिकटल्यावर नाही. मग दात कोरडा ठेवून, लाळ लागू न देता, एकेक करून चिकटवतात, निळ्या दिव्यानं घट्ट करतात आणि दोन दातांमध्ये फ्लॉसचा दोरा फिरवून जास्तीचं सिमेंट काढतात. तो दोरा अडला, फाटला, तर तिथं सिमेंट राहिलंय. लगेच सांगा, राहिलेलं सिमेंट हिरडी सुजवतं.

नावाची खात्री आणि पैसे

गेल्या वर्षी एक तरुण आला. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात दोन दिवसांत आठ "व्हेनिअर" करून घेतलेले. माठातलं पाणी लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. एक निघालेला होता, त्याखाली दात चारही बाजूंनी खुंटासारखा तासलेला. ते व्हेनिअर नव्हतेच, पूर्ण कॅप होत्या, आणि आत आलेले दोन दात तर भर घालूनही जमले असते. त्याला दोन रूट कॅनॉल लागले. मला राग आला तो याचा की त्याला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून लिहून घ्या: कुठल्या दातावर व्हेनिअर आणि कुठल्यावर कॅप, साहित्य कोणतं, दर दाताचे पैसे किती, मोडलं तर काय. डॉक्टरची नोंदणी बघा. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडजवळ दात बसवून देणारे आणि ऑनलाइन विकले जाणारे दातावर चढवायचे साचे, यातलं काहीही व्हेनिअर नाही.

एका पोर्सिलेन व्हेनिअरला आपल्याकडे साधारण दहा हजारांच्या आसपास पडतात, लॅब आणि शहरागणिक कमीजास्त. नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं धरायची, पुढे ते बदलावं लागतं, आणि दात तासलेला असल्यामुळे बदलावंच लागतं. पंचविसाव्या वर्षी केलं तर आयुष्यात तीनदा-चारदा हा खर्च येणार, हे आजच हिशेबात घ्या. परवडत नसेल तर कंपोझिट रेझिनचं काम आहे. ते स्वस्त आहे, एका बैठकीत होतं, दात बहुधा तासावा लागत नाही. त्यावर डाग चढतो आणि ते लवकर झिजतं, पण फट मिटवायला किंवा एखादा दात रुंद करायला मी स्वतः तेच आधी सुचवते.

घरी आल्यावर

मऊ ब्रश, साधी पेस्ट. कोळशाची, मिठाची खरखरीत पावडर, राखुंडी बंद. फ्लॉस रोज. आम्लयुक्त फ्लोराइड जेल पोर्सिलेनची चकाकी घालवतं, म्हणून दुसऱ्या दंतवैद्याकडे गेलात तरी "मला व्हेनिअर आहेत" हे आधी सांगा. हुरडा खा, भाकरी खा, भात खा, त्याला काही बंदी नाही. पण कणीस पुढच्या दातांनी ओरबाडू नका, ऊस कोयत्यानं सोलून कांड्या करून दाढेनं चावा, चिक्की दाढेकडं, नळी हाडाची असेल तर ती ताटातच राहू द्या. सीताफळाच्या बियांनी आजवर माझ्याकडे दोन कडा मोडून आणल्या आहेत. शिवणकाम करणाऱ्या बायांनी दोरा दातानं तोडायची सवय सोडायची. झोपेत दात खात असाल, घरच्यांना करकर आवाज येत असेल, तर रात्री घालायचा गार्ड करून घ्या. दर सहा महिन्यांनी दाखवा.

आणि कधी व्हेनिअर अख्खं निघून हातात आलं, तर फेविक्विक लावू नका. त्यानं आतली बाजू खराब होते आणि कड चुकीच्या जागी बसते. स्वच्छ पाण्यानं धुवा, कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून त्यात ठेवा आणि घेऊन या. मोडलं नसेल तर बऱ्याचदा तेच साफ करून पुन्हा बसवता येतं.